चेलोला 'व्हय म्हाराजा'

माझ्या बाबांनी भर हॉलमध्ये ओरडून माझ्या वादनाची वाट लावली.

आणि त्यामुळेच मी आज चेलो वाजवते. कुणाला पटो न पटो.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

तेव्हा मी तीनशे वर्षांपूर्वीच्या एका पाश्चात्त्य रचनेवर, एका प्रेल्यूडवर अडले होते. साथीला कुणी नाही, एकटा चेलो. सगळे सूर पाठ. पण पणजी शहरातले माझे सर म्हणायचे, "बरोबर वाजवतेस गं, पण यात कोण कुणाशी बोलतंय? ते कळत नसेल तर वार्षिक कार्यक्रमातला सोलो विसर."

मला कळत नव्हतं. डोक्याला शॉट नुसता!

शेवटची ट्रायल पालकांसमोर होती. बाबा सुर्ल्याहून ट्रक लावून थेट आले, शर्टावर खाणीची लाल धूळ तशीच. शेजारी आई, ठेवणीतल्या साडीत.

मी सुरू केलं. वरचे सूर पुढे सरकत होते, खाली तीच मोकळी तार पुन्हा पुन्हा येत होती. मी ती उरकून टाकत होते.

तेवढ्यात बाबा खणखणीत आवाजात:

"व्हय म्हाराजा!"

सगळा हॉल वळला. आईने त्यांना असा चिमटा काढला की मला स्टेजवरून दिसला.

आमच्या पेडण्यात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं मागतो, प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बाबांनी स्वतः कधी गाऱ्हाणं घातलं नाही. ते कायम हुंकार देणाऱ्यांत. आवाज मात्र सगळ्यांत मोठा.

मी जाम भडकले होते. पण पुढच्या वेळी खालची तार आली आणि तारेवर फिरणारा माझा बो आपोआप थांबला. जरासाच. हुंकाराला जागा द्यावी तसा.

वरचा मागतोय. खालचा 'व्हय' म्हणतोय. एकाच वाद्यात दोघं!

शेवटपर्यंत तसंच वाजवलं. सर एवढंच म्हणाले, "सोलो तुझा."

बाहेर आल्यावर मी बाबांवर तोंड सोडलं. "बाबा, ते गाऱ्हाणं नव्हतं हो!"

"मगे काय होतां? गाराणां घालतलंय तूच, 'व्हय' पण तूच म्हणतलंय? मगे आमी कित्याक आसंव?" म्हणजे दोन्ही मीच करणार, तर ते कशाला आहेत!

त्यानंतर घरी रियाजाला ते समोर बसायचे आणि नेमाने ओरडायचे. कधी चुकीच्या जागी. मी खेकसायचे. ते हसायचे.

ते गेले आणि मी तो प्रेल्यूड बंद केला. खालची तार यायची, मी थांबायचे, आणि घर गप्प. नाही सहन व्हायचं.

आज वर्षश्राद्धाची पानं उठल्यावर आई म्हणाली, "काढ गो तां तुजां."

काढला. वाजवला. खालची तार आली. मी थांबले.

आई पदर सावरत, अगदी हळू म्हणाली,

"व्हय म्हाराजा."

मग प्रत्येक वेळी म्हणाली. एकदाही चुकली नाही.

बाबा, नमस्कार. तुमची जागा आईने घेतलीय.

आवाज लहान आहे, पण सुरात आहे. तुमचा कधीच नव्हता.