सुमनबाईंचा बांबू

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणावर लिहावं एवढा माझा अधिकार नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पण सुमनबाईंवर लिहिणारं दुसरं कुणी दिसत नाही.

पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात त्या तिसरीला शिकवायच्या. "बाई, पाणी किती हाय?" असं विचारलं, की त्या उलट विचारत, "कधी?" बांधाखाली त्यांनी चुन्याच्या रेघा मारलेला बांबू रोवला होता. दर घंटेला एकानं रेघ बघून यायचं आणि फळ्यावर ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की डोंगर दिसे. "आडवी चालते ती वेळ, उभं चढतं ते पाणी. बघा, भरती आधी रांगते, मग धावते, वर पोचली की दमते."

"मंग झोपते, बाई?" माझ्या वर्गातली रुबिना विचारी.

"झोपते कसली गो, मागं फिरते!"

त्या वर्षी उधाणानं बांध फुटला, मोठी खांड पडली. खारं पाणी शेतात राहिलं तर पुढं भात नाही. म्हणून ओहोटीत गावातले सगळे पुरुष खांडीत उतरून चिखलाचे गोळे रचू लागले. माझे वडील, आप्पा, सगळ्यांत खाली. आम्ही पोरं बाईंबरोबर बांधावर. थोडंच काम उरलं होतं आणि भरती लागली.

"बाई, दुसरी रेघ बुडली!" रुबिना किंचाळली. "आता धावंल!"

"वर या सगळे!" बाई ओरडल्या.

"घोट्याएवढं तर पानी हाय," आप्पा खेकसले. "ह्यो काय पोरांचा खेळ हाय?"

"आत्ता घोट्याएवढं आहे, आप्पा!"

कुणी हलेना. बाईंनी पदर खोचला, चिखलात उतरल्या आणि आप्पांचा हात धरून ओढू लागल्या. बाईमाणूस खाली उतरलेलं बघून माणसं नाइलाजानं वर आली. आप्पांचा पाय निघतो न निघतो तोच पाणी घुसलं. सगळे गोळे वाहून गेले. आप्पा उभे होते तिथं पुरुषभर पाणी गरगरत होतं.

तरी गाव बाईंवरच चिडला. "थोडं थांबली असती तर काम झालं असतं." पोरांना खाडीवर नेते म्हणून तक्रार गेली आणि बाईंची रोह्याकडे बदली झाली. खांड त्या गेल्यानंतरच्या एका ओहोटीत बांधली, टिकली, भातही आला.

आता मी कॉलेजात गणित घेतलं आहे. परवा रोह्याहून रुबिनाचा फोन आला. ती तिकडेच दिली आहे.

"बाई गेल्या रे. मी दवाखान्यात भेटायला गेलेली. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, 'गावची खांड बांधली का गो?' मी व्हय म्हटलं. तर म्हणाल्या, 'आणि आप्पा?'"

आप्पा समोरच जेवत होते. मी फोन त्यांच्या कानाला लावला आणि रुबिनाला म्हटलं, "पुन्हा एकदा सांग."