चंद्रीची धार आणि तलवारींचं दालन

शाळेची सहल कोल्हापूरच्या जुन्या पेठेतल्या इतिहासाच्या संग्रहालयात गेली, तेव्हा घरची म्हैस व्याली म्हणून शालूबाई मागं राहिल्या. पुढं लग्न होऊन गडमुडशिंगीत आल्या, शहर हाकेवर आलं, तरी संग्रहालय राहिलंच. कधी पेरणी, कधी पावणं, आणि आता चंद्री. ही म्हैस शालूबाईंशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही.

यंदा गल्लीतल्या बायकांनी बेत आखला, तशी सून वर्षाराणी म्हणाली, "आत्या, ह्या खेपंला तुमी जायाचंच. सांजची धार मी काढते."

"लाथ घालंल ती तुला."

"तुमचं लुगडं नेसते की. तिला काय कळतंय?"

आठवडाभर तालीम चालली. सून सासूच्या लुगड्यात धार काढायची. शालूबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहून सवयीनं म्हशीला शिव्या घालायच्या. चरवी भरायची. लुगड्याची युक्ती लागू पडली, असंच दोघींना वाटलं.

ठरल्या दिवशी शालूबाई ठेवणीतलं पातळ नेसून निघाल्या. तलवारींच्या दालनात पाऊल टाकलं आणि फोन वाजला.

"आत्या, थेंब न्हाय! रेडकू लावलं, पेंड घातली. आचळं तटतटल्यात!"

शालूबाईंचं तोंड उतरलं. अजून निम्मं संग्रहालय राहिलं होतं.

"झालं! चल बाई, रिक्षा बघू," शेजारच्या रत्नाबाई म्हणाल्या.

शालूबाई दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. "वर्षे, तिच्याशी बोलतीस काय तू?"

"व्हय की. शहाणी माझी बाय, सोड गं, म्हणते."

"मग कशी वळखंल ती तुला? शिव्या दे!"

"आत्या! मामंजी सोप्यात बसल्यात!"

"त्यास्नी रोजची सवय हाय. दे!"

मग फोनातून कडाडलं, "सटवे, तुझा मुडदा बशिवला!" पहारेकरी दचकून वळला. दुसरी शिवी पहिलीच्या वरताण निघाली. तिसरी अर्धीच झाली, कारण चरवीत धार वाजली.

"सोडला पान्हा!" शालूबाई ओरडल्या. बायकांनी टाळ्या पिटल्या.

"ओ मावशी, हितं दंगा करू नका," पहारेकरी म्हणाला.

"का? लढाया जिंकलेल्यांचंच ठेवलंय न्हवं हितं? आमीबी जिंकलोय!"

फोन पिशवीत टाकून शालूबाई पहिल्या काचेपाशी परत गेल्या.

"रत्नाबाई, या. आता एकबी तलवार सोडायची न्हाय."