ओलं फडकं

"अंडी पुसली म्हणजे घाणच काढली ना? चोरी केल्यासारखं काय बोलतेस, वहिनी?"

"कशाने पुसलीस?"

"फडक्याने."

"ओल्या?"

दिराने चहाचा कप तोंडाला लावला. सासूबाईंनी मध्येच तोंड घातलं. "मी जन्मभर ओल्या फडक्यानेच पुसत आले. कुणाचं काय बिघडलं? माझ्याकडूनच शिकलाय तो."

"खायच्या अंड्याला चालतं, आई. उबवायच्या नाही. कवचावर पातळ साय असते, पाणी लागलं की ती जाते. मग घाण बारीक छिद्रांतून आत शिरते आणि यंत्राच्या उबेत वाढते."

सोळा वर्षं ती कोंबडीच्या पिल्लांच्या उबवणी केंद्रात कामाला होती. तिथे तिला सगळे 'नाक' म्हणत. यंत्राचं दार बोटभर उघडलं तरी आत एखादं अंडं सडलंय का, हे ती सांगायची. केंद्रात शिरताना अंघोळ, निघताना अंघोळ; नवरा चेष्टेने म्हणायचा, माझ्या बायकोला संसारापेक्षा साबण जास्त लागतो.

काल संध्याकाळी निघता निघता तिने चार नंबरचं यंत्र उघडलं आणि वास आला. दोन अंडी फुटली होती. शेजारच्या अंड्यांवर पिवळट चिकट शिंतोडे उडाले होते. फुटलेली काढून तिने ट्रे पुसून घेतला, मग बाकीची अंडी दिव्यासमोर धरली. कवचावर फडक्याचे पट्टे दिसले. ट्रेवरच्या चिठ्ठीवर तारीख नऊ दिवसांपूर्वीची, अंडी घेणारा दीर. त्याला तिथे कामाला तिनेच चिकटवला होता. मळकी अंडी बाजूला काढली की तो आकडा फळ्यावर अंडी घेणाऱ्याच्या नावापुढे नुकसान म्हणून लागतो. त्याचा फार वाढत होता, म्हणून त्याने अंडी 'स्वच्छ' केली. पुढच्या सोमवारी तो कायम होणार होता.

"किती पुसलीस?"

"एक ट्रॉली. पूर्ण नाही."

"यंत्रात बारा ट्रॉल्या आहेत. आतला पंखा सगळीकडे तीच हवा फिरवतो."

"मग आज गुपचूप काढून टाक ना ती ट्रॉली," नवरा म्हणाला. "तू मुकादम आहेस. तुला कोण विचारतंय?"

"ट्रॉली काढून भागत नाही. उरलेल्या अकरांतलं एकेक अंडं तपासायचं, यंत्र धुवायचं. गुपचूप कसं होईल?"

"आणि नाही केलं तर?"

पहिल्याच वर्षी तिने अशा अंड्यांतून निघालेली पिल्लं निवडली होती. बाहेरून गुबगुबीत, उलटं धरलं की बेंबी ओली आणि काळी. सकाळी हातात चिवचिवणारी, संध्याकाळी पोत्यात. जी बरी दिसत होती ती लोक पैसे मोजून घेऊन गेले आणि आठवड्याभरात रडत परत आले.

"लहान आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्याशा चुकीसाठी घरच्या माणसाच्या पोटावर पाय देशील?"

"सव्वीस वर्षांचा आहे, आई."

नवऱ्याने पेपरची घडी घातली. "तपासणीच्या कागदावर सही तुझी आहे. आठवतंय ना?"

तिला आठवत होतं. प्रत्येक ट्रे दिव्याखाली बघून मग सही, हा नियम तिनेच नव्या बायकांना शिकवला होता. त्या दिवशी दीर म्हणाला, वहिनी, मी बघितलंय सगळं. घरचाच माणूस, म्हणून तिने न बघता सही केली.

"वहिनी," दीर हळू म्हणाला, "तुलाही काढतील."

"काढतील कदाचित."

तिने ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, दांडीवर वाळत टाकलं. मग दारात जाऊन चपला घातल्या.

"आठ वाजता मी साहेबांना सांगणार आहे. अंडी कुणी पुसली ते, आणि न बघता सही कुणी केली तेही. तू माझ्याबरोबर चल. आई, आज आमचे डबे भरू नका."