लोपीस सरांची चुकलेली पायरी

परदेशातून कोणी भागीदारीची बोलणी करायला आलं, की इनास लोपीस सर त्याला बंदरांचे धक्के आखणाऱ्या आमच्या माणिकपूरच्या ऑफिसात चहा पाजायचे आणि थेट गाडीत घालून एका कोळीवाड्यात न्यायचे. कोळीवाड्याचं नाव सांगत नाही, तिथल्या बायका मला ओळखतात. तिथे सरांनी तरुणपणी आखलेला होड्या लागायचा लहानसा धक्का आहे. पाहुण्याला पायऱ्यांवरून खाली नेऊन मूळच्या शेवटच्या पायरीवर उभं करायचं आणि सांगायचं, "ही माझी चूक. ही आधी बघा."

चूक अशी, की सरांनी पाण्याची मापं आठवडाभरच घेतली होती. अमावास्येची ओहोटी किती खाली जाते, हे कोळणींना विचारलंच नव्हतं. त्या ओहोटीला होडी खोल राहते आणि मासळीची पाटी सांभाळत बायकांना कमरेइतकं वर चढावं लागतं. पुढे सरांनी खटपट करून खाली आणखी एक पायरी जोडून घेतली, पण ती शेवाळाने इतकी निसरडी, की तिच्यावर कोणी पाय ठेवत नाही.

सर दिसले की तिथली फिलूमावशी होडीतूनच ओरडायची, "ये रे इंजिनेर, पानी गेलं खाली, तुजी पायरी वरच हाय. ये, माजी पाटी तूच चढव." आणि साठी उलटलेले सर पँट दुमडून खरंच पाटी चढवायचे.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मूळची रत्नागिरीची, लग्नानंतर बोळिंजला आलेली, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि तोंडाने फटकळ. परतताना मी सरांवर चिडलेच. याआधी दोन पाहुणे ही पायरी बघून गेले ते परत फिरकलेच नव्हते.

सर म्हणाले, "चांगलं काम कोणीही दाखवतो, पोरी. यांचं काम आपण समुद्रापलीकडून करणार. आपण चुकल्यावर कसे वागतो, हे त्यांना आधी कळू दे."

त्या दिवशीचा पाहुणा मोम्बासाच्या एका इंजिनिअरिंग फर्मचा मालक होता, जुमा. भला उंच माणूस, बोलणं कमी. त्याने पायरी पाहिली, बूट काढले आणि सरांच्या हातातली पाटी स्वतः वर चढवली. महिन्याभरात त्याने आम्हाला तिकडच्या मासळी बंदराच्या धक्क्याच्या ड्रॉइंगचं काम दिलं. ते पार पडलं, की कायमच्या भागीदारीचा करार व्हायचा होता. त्या भरवशावर सरांनी चार नवी माणसं घेतली होती. त्यांतली एक तर जूचंद्रहून रोज वेळेच्या आधी येऊन बसायची.

आणि मी माती खाल्ली. उंची जिथून मोजायची ते शून्य समुद्राच्या नकाशात वेगळं असतं, जमिनीच्या मोजणीत वेगळं. मी एकाचे आकडे दुसऱ्यात मिसळले. ड्रॉइंगमध्ये धक्का पुरुषभर खाली गेला, म्हणजे उधाणाला सगळा पाण्यात. ड्रॉइंग सरांच्या सहीने गेलं होतं, जुमांनीही तपासून पुढे मंजुरीला दिलं होतं, आणि करार आठ दिवसांवर. तेव्हा कुठे माझ्या ते लक्षात आलं.

मी सरांपुढे जाऊन रडले. मग अक्कल पाजळली, "सर, पुढच्या सुधारणांमध्ये हेही गुपचूप बदलून पाठवूया. कोणाला पत्ता लागणार नाही."

सर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "फोन लाव. मेल नको, मेलमध्ये माणूस लपतो."

फोनवर त्यांनी आधी स्वतः सांगितलं, "जुमा, आमच्या ड्रॉइंगमध्ये मोठी चूक आहे. सही माझी आहे, तेव्हा चूक माझी." मग फोन माझ्या हातात दिला. "काय चुकलं ते तू समजावून सांग. त्यांना तुझा आवाज ओळखीचा व्हायला हवा. माझा किती दिवस पुरणार?"

मी कशीबशी सांगत गेले. जुमांनी सगळं ऐकून घेतलं, "मला माझ्या लोकांशी बोलावं लागेल," म्हणाले आणि फोन ठेवला. कराराची तारीख टळली. अकरा दिवस तिकडून अवाक्षर नाही. त्या चार नव्या माणसांशी नजर मिळवायची माझी छाती होत नव्हती. सर मात्र रोजच्यासारखे येत, डबा उघडत आणि मला बोंबलाचं लोणचं वाढत. इतका मोठा घास तोंडाशी येऊन जात असताना हा माणूस मला एका शब्दाने दुखवत नाही, हे बघून मी थक्क होत होते. आजही होते.

बाराव्या दिवशी करार आला. एकच कलम वाढलं होतं : प्रत्येक पातळी एक माणूस इथे तपासेल आणि एक तिथे.

गेल्या वर्षी सर गेले. झोपेतच गेले. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चात, अंत्यविधीची मिस्सा चालू असताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता, की भागीदारी सरांच्या शब्दावर होती, आता जुमा कशाला थांबतील? पाच आठवड्यांनी त्यांचा फोन आला तेव्हा मी मनाची तयारी करूनच उचलला.

"मॅडम, आम्ही पाठवलेल्या माती परीक्षणात दोन ठिकाणच्या नमुन्यांची अदलाबदल झाली आहे," ते म्हणाले. "तुम्हाला ते कळलंच नसतं. मला आज सकाळी दिसलं." मग म्हणाले, "तुमच्या सरांनी मला त्यांची पायरी दाखवली होती. ही माझी."

मी सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत रडत राहिले आणि ते तिकडे फोन धरून थांबले.

परवा मस्कतहून नवे पाहुणे आले होते. चहा झाल्यावर मी त्यांना गाडीत घातलं. ओहोटी होती. फिलूमावशी आता थकलीय, धक्क्यावर बसून मासळी निवडते. मला एकटीला बघून तिने पदराला हात पुसले.

"इंजिनेर तर गेला," ती म्हणाली. "आता शिव्या कोनाला घालू?"

"मला घाल, मावशी," मी म्हटलं. "सही आता माझी असते."

मावशीने मला नीट न्याहाळलं आणि पाहुण्यांदेखत घातल्या. मग मी सलवार दुमडली आणि पाटी चढवायला खाली उतरले.