दोन टाक्यांची एक पातळी

रंगनाथचा दिवस पहाटे साडेचारला सुरू झाला. सहाच्या सुमारास तो कात्रजच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली उताणा पडला होता. वय बासष्ट. पाठीखाली चटई घेत नसे. चटईवर झोप येते, असं त्याचं म्हणणं.

ट्रकला डिझेलची दुसरी टाकी जोडायची होती. मालक सुदर्शनची अट साधी होती: ट्रक शिरवळपर्यंत जाऊन यावा, दोन्ही टाक्यांत डिझेल सारखं दिसावं, मगच मजुरी. रंगनाथला ती आजच हवी होती. बायकोची, विमलाबाईंची, कवळी दवाखान्यात तयार होती आणि त्या दोन महिने वरणभात कालवून दिवस काढत होत्या.

दोन्ही टाक्या त्याने एका उंचीला घेतल्या. तळाशी तळ जोडणारा जाड पाइप टाकला. पाइपला कुठेही उंचवटा येऊ दिला नाही, कारण उंचवट्यात हवा अडते. एक क्लॅम्प मनासारखा बसेना. तो चारदा सोडला, चारदा आवळला.

दुपारी ड्रायव्हर श्रीधर शिरवळहून परतला तो आठ्या घालूनच. त्याने दोन्ही टाक्यांत मोजपट्टी घालून पाहिली. जुनी टाकी चार बोटं उतरलेली, नवी जवळजवळ होती तशीच.

"काका, आता घरी बसा," सुदर्शन म्हणाला. "पाइप चोंदलाय. काढा परत."

"पाइप मी फुंकून बसवलाय."

रंगनाथ ट्रकखाली गेलाच नाही. त्याने नव्या टाकीचं झाकण हलकेच फिरवलं. टाकीने फुस्सकन हवा आत ओढली. झाकण उलटं केलं, तर हवेच्या भोकात साबण ठासलेला. श्रीधरने सांगितलं, घाटात डिझेल हिंदकळून बाहेर येतं, म्हणून निघताना त्यानेच तो भरला.

"हवा आत गेल्याशिवाय डिझेल हलत नाही," रंगनाथ म्हणाला. "घाटात तुझं नाक दाबून बघू का?"

त्याने तारेने भोक मोकळं केलं. चहा होईपर्यंत सगळे थांबले. मग सुदर्शनने स्वतः पट्टी घातली. दोन्हीकडे एकाच खुणेला ओल.

"वयाचं बोललो ते..."

"वय बरोबर आहे. पाइपही."

संध्याकाळी ती मजुरी कवळीला गेली. आठवडाभर मऊच खा, असं डॉक्टरांनी बजावलं. विमलाबाईंनी मान डोलावली आणि कोपऱ्यावर खारे दाणे घेतले. पहिला दाणा फुटल्याचा आवाज रंगनाथने नीट ऐकला.