वाढत्या अंगाची टोपी

मी आरंभशूर आहे, असं आईचं मत होतं आणि ते खोटं आहे असं मलाही कधी म्हणता आलं नाही. कपाटात माझ्या भरतकामाचा मोर पिसाऱ्यावाचून पडून होता. टायपिंगचा क्लास मी दुसऱ्याच महिन्यात सोडला होता. म्हणून भावाला मुलगी झाल्यावर जेव्हा मी डिंगोऱ्याला, वहिनीच्या माहेरी फोन करून सांगितलं की बारशाला भाचीच्या डोक्यावर आत्यानं विणलेली टोपी असेल, तेव्हा वहिनी नुसतं ‘बरं’ म्हणाली. वहिनी स्वतः आठवड्यात सुयांवरून अख्खा स्वेटर उतरवणारी. ते ‘बरं’ मला चांगलंच झोंबलं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही विणू-शिवू नये, असं आईनं बजावलं होतं. आपण असलं काही मानत नाही, असं वडील मोठ्यांदा म्हणाले आणि मग मला बाजूला घेऊन, “तरी पण थांब जरा,” म्हणाले. त्यामुळे लोकर आली ती मुलगी झाल्यावरच. हातात उरले बारा दिवस, आणि विणणं मला येत होतं ते एवढंच, दोन सुलट, दोन उलट.

मी मंचरहून रोज घोडेगावला जायचे, पंचायत समितीत कारकून होते. घरी स्वयंपाक, ऑफिसात फायली, हात रिकामे राहायचे ते फक्त एसटीत. पहिल्या दिवशी खिडकीची जागा पकडली, पिवळा गुंडा मांडीत घेतला आणि सत्तर टाके घातले. मला कोण आनंद झाला होता. जिवंत माणसाच्या डोक्यावर बसेल अशी वस्तू माझ्या हातून होणार होती.

शेजारी रोजची भाजीवाली मावशी असायची. तिनं बोटानं टाके मोजले.

“सत्तरात काय व्हतंय?” ती म्हणाली. “पोरीला बारशापुरतीच घालायची का? वाढत्या अंगाची कर.”

हे मला तिथल्या तिथे पटलं. आमच्याकडे पोरांचं कुठलं कापड कधी मापाचं घेतलंय? माझा पाचवीचा फ्रॉक मला सातवीत नीट बसला आणि त्याचं आमच्या घरात कौतुकच झालं होतं. मी सगळं उसवलं आणि शहाण्णव टाके घातले. पुढे ती टोपी माझी एकटीची राहिलीच नाही. अर्धी एसटी रोज विचारायची, कुठवर आली. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं, “ताई, कान झाकले पायजेत. डिंगोऱ्याला माळशेजचा वारा लई.” मी चार बोटं लांबी वाढवली. मावशीनं आणखी दोन बोटं वाढवायला लावली, वाढत्या अंगासाठी.

बारशाच्या दिवशी घरचे सगळे सकाळीच जीपनं गेले. मला अर्धीच रजा मिळाली. दुपारी घोडेगावहून निघाले तेव्हा शेंड्याच्या बारा ओळी आणि पाठची शिवण बाकी होती. बारसं चारचं. मंचरपर्यंत चार ओळी झाल्या. आळेफाट्याला कल्याणची गाडी मिळाली, पण बसायला जागा नाही. मी उभ्यानं विणायला लागले. पिंपरी पेंढारला एका आजोबांनी जागा करून दिली, माझ्या सुयांच्या भीतीनंच असावी. मला लवकर पोचायचंही होतं आणि गाडी हळू जावी असंही वाटत होतं. ओतूर आलं तेव्हा शिवण अर्धी होती. मागून एका बाईनं कंडक्टरला विचारलं, “भाऊ, गाडी जरा दमानं न्हाई का घेता येणार? हिची टोपी व्हायचीय.” कंडक्टर म्हणाला, “तेवढं ड्रायव्हरला सांगू नका.” पण घंटी त्यानं जरा उशिरानंच मारली.

डिंगोऱ्याच्या थांब्यावर उतरता उतरता मी शेवटची गाठ मारली आणि धागा दातानं तोडला. पळत घरी पोचले. त्रिसरण, पंचशील झालं होतं, पाळण्याभोवती बायका उभ्या होत्या आणि आत्याची वाट बघत होत्या. मी धापा टाकत टोपी घातली.

टोपी कपाळावरून, डोळ्यांवरून, नाकावरून उतरून थेट हनुवटीला टेकली. भाची दिसेनाशी झाली. बायका हसायला लागल्या. आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. मला रडू फुटणार होतं, कारण आयुष्यात पुरं केलेलं हे माझं पहिलं काम होतं.

वहिनी मात्र हसली नाही. तिनं उरलेली लोकर मागितली, काठातून नाडी ओवून आवळली आणि काठाला बाहेरून दोन घड्या घातल्या. आत एक इवलासा चेहरा सापडला. “आता सांगा नाव,” ती म्हणाली. मी टोपीचा काठ वर करून कानात नाव सांगितलं. टोपी मोठी झाली, याबद्दल तिनं तेव्हा एक अक्षर काढलं नाही. घरी बाकीच्यांनी मात्र ‘आत्याचं टोपलं’ म्हणून पुढे कितीतरी वर्षं माझी चेष्टा केली, आणि मी पुन्हा सुया हातात घेतल्या नाहीत.

सात-आठ वर्षांनी, हातात नवा मोबाइल असताना, घोडेगावच्या एसटीतच तो वाजला. थंडीचे दिवस होते. वहिनी होती.

“वन्सं, नाडी मागंच काढली व्हती. आज दुसरी घडी पण उलगडली,” ती म्हणाली. “पोरगी आत्ताच शाळेत गेली. टोपी बसली बघा.”

मी जागेवरून उठूनच उभी राहिले. शेजारच्या अनोळखी बाईनं घाबरून विचारलं, काय झालं.

“टोपी पुरी झाली,” मी म्हणाले.