कानाला लागलेला हात

वाशीच्या नव्या बिल्डिंगींत कोणाची मिळकत किती, हे सरकारला कधी धड कळलं नाही. गोजराला ते पाठ होतं. मावऱ्याची टोपली डोक्यावर घेऊन चार-चार जिने चढणाऱ्या बाईपासून काय लपणार? पगार झाला की पापलेट मागणारे, महिनाअखेरीला बोंबलावर येणारे, आणि दारात नाक मुरडून मागाहून गुपचूप कोलंबी मागवणारे. तिच्या खाजणावर भराव घालून ही घरं उठली होती, आणि तिथली माणसं तिलाच म्हणायची, बाई, टोपली खाली ठेवू नका, लादी वास मारते. असल्या लोकांची तिला शिसारी यायची, आणि ती लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

ब्याऐंशी साली सेक्टरच्या एका गाळ्यात सरकारी खर्चाने बालवाडी निघाली. गरिबाघरची तीन ते सहा वर्षांची पोरं घ्यायची, दुपारी सुकडी द्यायची, असा नियम. चालवायला दिली बिल्डिंगीतल्या महिला मंडळाला. म्हणजे गरीब कोण हे ठरवायला चारुलताबाई, ज्यांनी गरिबी फक्त भांडी घासताना पाहिली होती, तीसुद्धा दुसऱ्याच्या हातांनी.

गोजराची नात वैजयंती तेव्हा साडेचार वर्षांची. सून कंपनीत पॅकिंगला जायची, म्हणून पोर आजीच्या मागे जिने चढायची. एकदा तिसऱ्या मजल्यावरून गडगडली आणि हनुवटीला चार टाके पडले. गोजराने त्याच दिवशी ठरवलं, पोर बालवाडीत बसली पाहिजे, मग त्या चारुलतेचे पाय धरावे लागले तरी बेहत्तर.

जन्माचा दाखला नव्हता. पोर घरात, सुईणीच्या हातची. पंचायतीत जाऊन नोंद करायला सवड कोणाला? पण दाखला नसला की शाळेत काय करतात, हे गोजराला पक्कं ठाऊक होतं. उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायचा. तिच्या पोराचा, देवजीचा, हात लागला नव्हता. मास्तरने परत धाडलं, मग तो खाजणात रमला, शाळेचं तोंड त्याने पुन्हा पाहिलं नाही. आता दुसऱ्याच्या गेटवर उभा राहून साहेबांना सलाम ठोकतो.

ही चूक ती पुन्हा होऊ देणार नव्हती. आठ दिवस तिने पोरीची तालीम घेतली. "मान जरा वाकव गो. अजून. हां, लागला!" कान हाती आला की गुळाचा खडा.

बालवाडीत चारुलताबाई रजिस्टर उघडून बसल्या होत्या. "दाखला नाही? मग हात बघू." वैजयंतीने मान वाकवली, हात ताणला आणि कान घट्ट धरून गुळासाठी आजीकडे पाहिलं.

"हात पोचतोय. सहाच्या वरची आहे. बालवाडीत बसत नाही."

"साडेचारची हाय बाय! मीच शिकवलंय तिला. म्हनलं, लागला तर घेतील."

"आजी, नियम आहे. आमच्या हातात काही नाही."

आत बँकवाल्या नंदकिशोरचा मुलगा सुकडी चिवडत बसला होता. त्याच्या घरी रविवारी सुरमईशिवाय चालत नसे, पण उत्पन्नाचा दाखला होता, कमी उत्पन्नाचा, शिक्क्यासकट.

"यो गरीब?" गोजरा ओरडली. "याचा बाप सुरमईचा मधला तुकडा घेतो, शेपूट कधी घेत नाय! जल्लं तुमचं मंडल!"

चारुलताबाईंनी पदराने नाक झाकलं आणि पुढच्याला बोलावलं. गोजरा उंबऱ्यावर थुंकली आणि पोरीला ओढत निघाली. "लावला ना मी हात?" पोर वाटभर विचारत होती. "लावलास म्हनून तर हाकललं," गोजराने तिला झापलं. पोर रडली, आणि पुन्हा आजीमागे जिने चढू लागली.

दोन वर्षांनी, जूनमध्ये, गोजरा तिला गावच्या शाळेत घेऊन गेली. गुरुजींनी तेच सांगितलं, हात डोक्यावरून कानाला लाव. वैजयंतीने हात उचलला, डोक्यावरून आणला आणि कानाच्या दोन बोटं वर थांबवला. गोजरा म्हणाली, "लाव गो, लाव!" पोरीने मान ताठ धरली.

"सहा पुरी नाहीत. पुढच्या वर्षी आणा."

"मोप झाल्यात सहा! दोन वर्सांमागं मोठी म्हनून हाकलली, आता लहान कशी वो?" गुरुजींना त्यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी पुढचं नाव घेतलं.

शाळेबाहेर आल्यावर वैजयंतीने तिचा पदर ओढला. "आजी, बघितलंस? या टायमाला मी नाय लावला." आणि तिने गुळासाठी हात पुढे केला.

जगातल्या यच्चयावत माणसांचा तिटकारा करत आलेल्या गोजराला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा तिटकारा आला. तिने कनवटीचा खडा काढला आणि पोरीच्या हातावर ठेवला.